चितांबो : लिव्हिंग्स्टनचे स्मारक आणि नाशिकचा जेकब

झांबियातील चितांबोला जाण्याचे आमचे कारण डेव्हिड लिव्हिंग्स्टन जितके, तितकाच जेकब वेनराइट होता. गुलामांच्या जहाजावरून सुटलेला हा आफ्रिकन मुलगा नाशिकच्या शरणपूरला मिशनच्या आश्रयात शिकला. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन या मिशनरी संशोधकाचे इथे निधन झाले, तेव्हा त्याचे हृदय झाडाखाली पुरताना प्रार्थना जेकबनेच वाचली आणि खोडावर अक्षरेही त्यानेच कोरली. शरणपूर रोडवरून आयुष्यभर ये-जा केलेल्या मला हे फार उशिरा कळले, याची खंत वाटते.

राजधानी लुसाकाहून ग्रेट नॉर्थ रोडने सेरेन्जे गाठून आम्ही तिथे मुक्काम केला. पेट्रोल, पाणी आणि सुटे क्वाचा (झांबियाचे चलन) तिथेच घेऊन ठेवावेत. पुढे डावीकडे मान्साचा रस्ता लागतो आणि कसांका राष्ट्रीय उद्यानाचा फाटा मागे पडल्यावर उजवीकडे कच्चा रस्ता फुटतो. उंच चाकांची गाडी घ्यावी, दिवसाउजेडी परतावे, आणि नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा टाळावा. पुढचा मुलूख बांगवेउलूच्या दलदलीचा आहे. आमांशाने खंगलेल्या लिव्हिंग्स्टनला अखेरच्या दिवसांत याच चिखलपाण्यातून सोबत्यांनी वाहून नेले होते. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

स्मारक म्हणजे झाडीतल्या मोकळ्या जागेत उभा असलेला, माथ्यावर क्रूस असलेला साधा चौकोनी स्तंभ. मूळ झाड १८९९ मध्ये तोडून कोरीव अक्षरांचा भाग लंडनला नेण्यात आला आणि १९०२ मध्ये त्याच जागी हा स्तंभ उभारला गेला. पायथ्याशी वाळलेली पाने पडली होती. त्यांवर पाऊल पडले की होणारा आवाज सोडला, तर दुसरे काही ऐकू येत नव्हते. मी हात स्तंभावर टेकवून उभा राहिलो. हृदय इथे ठेवून, मीठ लावून उन्हात वाळवलेला देह लिव्हिंग्स्टनचे आफ्रिकन सेवक चुमा व सुसी, जेकब आणि त्यांच्या सोबत्यांनी आजच्या टांझानियातील बागामोयोच्या किनाऱ्यापर्यंत, दीड हजार किलोमीटरहून अधिक, पायी नेला. यांतला चुमा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला होता, आणि जेकब पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत शवपेटीसोबत चालला.

स्तंभापाशी एखादा तास पुरे होत नाही, दोन तास तरी हाताशी ठेवावेत. ऑक्टोबरअखेरीस आलात, तर कसांकात उतरणारी लाखो फळवटवाघळे संध्याकाळी पाहता येतील. मात्र त्या दिवसांतल्या मुक्कामाची सोय बरीच आधी करून ठेवावी.