हर्रानचा सराफ

उर्फाच्या जुन्या बाजारात तांबटांची ठोकाठोक मागे पडली की सोन्याची दुकानं लागतात. तिथल्या एका पाटीवर ठसठशीत लिहिलं होतं : सर्राफ. मी रस्त्यातच उभी राहून फोटो काढला आणि दादाला पाठवला. आमचं माहेरचं आडनाव सराफ. आजोबांची वाईला पेढी होती. काटा, गुंजा आणि कसोटीचा काळा दगड अजून दादाच्या कपाटात आहे. दादाचं उत्तर दोन मिनिटांत आलं : "तोळ्याचा भाव विचार."

भाव विचारायला मी दक्षिण-पूर्व तुर्कस्तानात गेले नव्हते. गेले होते ते दुसऱ्याच एका सराफासाठी, आणि तो वारला इसवी सन ९०१ मध्ये, बगदादला.

साबित इब्न कुर्रा त्याचं नाव. युक्लिड, आर्किमिडीज, टॉलेमी ही ग्रीक मंडळी अरबीत नीट बोलायला लागली ती ज्या चार-दोन माणसांमुळे, त्यांतला हा एक. स्वतः गणिती आणि ज्योतिषी, म्हणजे ग्रहगणित करणारा. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अल-नदीम या पुस्तकविक्रेत्याने त्या काळच्या ग्रंथांची आणि ग्रंथकारांची मोठी यादी केली. तीत साबितबद्दल तो सांगतो की हा माणूस मुळात हर्रानमध्ये सराफ होता. मी जन्मभर बँकेत, त्यातली सहा वर्षं परकीय चलनाच्या काउंटरवर काढलेली. ते वाचलं आणि हर्रान यादीत गेलं.

काउंटरवर सहा वर्षं काढलेल्या बाईने एक गोष्ट लपवायला हवी, पण सांगूनच टाकते. येताना वाटेतल्या एका विमानतळावर मी डॉलर मोडले. अर्धवट झोपेत, पाटीवरचा दर न बघता. हॉटेलात येऊन आकडेमोड केली तेव्हा कळलं की दोन वेळचं जेवण तिथेच गेलं. हे दादाला अजून सांगितलेलं नाही.

उर्फाहून हर्रान साधारण ४५ किलोमीटर. आपल्याकडच्या वडापसारख्या गाड्या जातात. त्यांना डोल्मुश म्हणतात, आणि भरल्याशिवाय त्याही हलत नाहीत. सप्टेंबर संपत आला होता. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मध्येच लाल मिरच्या वाळत घातलेल्या. मला वाटलं होतं वाळवंट असेल. पण १९९५ पासून अतातुर्क धरणाचं पाणी डोंगरातल्या २६ किलोमीटर लांबीच्या जोडबोगद्यांतून या मैदानात येतं, त्यामुळे सगळं हिरवं. माझ्या शेजारी बसलेल्या आजी कुणाशी तरी फोनवर अरबीत बोलत होत्या. हर्रानमध्ये घरोघरी अरबीच चालते.

गावात शिरलं की आधी मधमाश्यांच्या पोळ्यांसारखी, शंकूच्या आकाराची मातीची घरं दिसतात. पोस्टकार्डावर असतात तीच. या मुलखात तुळईला लाकूड नाही आणि पडक्या शहराच्या विटा मात्र वाटेल तेवढ्या. म्हणून वीट किंचित आत सरकवत थर चढवत न्यायचे आणि वर एक भोक ठेवायचं. ही घरं दीड-दोनशे वर्षांची आहेत, साबितच्या काळातली नव्हेत. पण विटा कुणाच्या, ते कोण सांगणार?

जुन्या शहराचा उरलेला भाग म्हणजे उघडं मैदान, तटाचे तुकडे, किल्ला, एक कमान आणि एक चौकोनी मनोरा. मनोरा ३३ मीटरच्या आसपास. बरोबरच्या घोळक्याला त्यांचा गाइड ठासून सांगत होता की ही वेधशाळा. मुळात तो मशिदीचा मिनार आहे. शेवटचा उमय्यद खलिफा दुसरा मरवान याने ७४४ ते ७५० या आपल्या कारकिर्दीत राजधानीच दमास्कसहून इथे हलवली होती, तेव्हाची ही मशीद. त्या काळी ही जागा किती गजबजलेली असेल, हे आता तिथे चरणाऱ्या मेंढ्यांकडे बघून पटत नाही. १२७१ च्या सुमारास मंगोलांनी इथली माणसं हलवली आणि शहर उजाड झालं ते झालंच. तारेच्या कुंपणापलीकडे उत्खनन चालू होतं. मी बाहेरूनच बघितलं.

हर्रान या नावाच्या मुळाशी अक्कादी भाषेतला शब्द आहे, अर्थ वाट, काफिल्याचा रस्ता. सीरिया, इराक आणि अनातोलियाचे रस्ते इथे भेटत. तिकडे बिझंटाइन सोनं, इकडे खलिफाचे दीनार-दिरहम. अशा नाक्यावर सराफ नसेल तर नवल. आणि अशा गल्ल्यावर बसणाऱ्याला भाषाही चार याव्या लागतात. साबितची घरची भाषा सुर्यानी. ग्रीक आणि अरबी दोन्ही उत्तम. बगदादचे मुसा-बंधू म्हणून तिघे श्रीमंत, गणितवेडे भाऊ होते. त्यांतला मुहम्मद बिझंटाइन मुलखातून परत येताना याला भेटला, याच्या भाषेवर खूश झाला आणि सोबत घेऊन गेला. मला इथेच थांबावंसं वाटतं. ग्रीक पोथ्यांच्या शोधात फिरणारा एक माणूस नाणी मोडायला पेढीवर आला असेल आणि गल्ल्यावरच्या पोराने बोलता बोलता असं काहीतरी सांगितलं असेल, की नाणी राहिली बाजूला! हा माझा कल्पनाविलास. पण काउंटरच्या जाळीतून मीही अशी माणसं पाहिली आहेत, जी नोटा घेऊन आली आणि तासभर गप्पा मारून गेली.

मुसा-बंधू पैसे मात्र रोख देत. इब्न अल-नदीमने आकडा दिला आहे : हुनैन, हुबैश, साबित वगैरे मंडळींना भाषांतर आणि पूर्णवेळ हजेरी यांसाठी महिन्याला सुमारे ५०० दीनार. अनुवादकांनी आजचा दर पाना-पानांत मोजून बघावा आणि गप्प बसावं.

त्याने केलं काय, तर हुनैनचा मुलगा इसहाक याने ग्रीकवरून अरबीत आणलेले युक्लिड आणि टॉलेमीचा 'अल्माजेस्ट' हा ग्रहताऱ्यांवरचा ग्रंथ पुन्हा मुळाशी ताडून दुरुस्त केले. आणि अपोलोनियसचा शंकुच्छेदांवरचा ग्रंथ. त्याचे आठ भाग. ग्रीकमध्ये फक्त पहिले चार टिकले. पाचवा, सहावा आणि सातवा आज जगाकडे आहेत ते केवळ साबितच्या अरबी तर्जुम्यामुळे. आठवा गेला. एडमंड हॅलीने, धूमकेतूवाल्यानेच, १७१० मध्ये ऑक्सफर्डला हा ग्रंथ छापला तेव्हा हे तीन भाग त्याला अरबीवरून लॅटिनमध्ये आणावे लागले. मूळ नाणं वितळलं, मोड तेवढी हातात राहिली.

'साबित' म्हणजे पक्का, ठरलेला. आपल्याकडे गुन्हा शाबीत होतो, तो यातलाच शब्द.

हा माणूस मुसलमान नव्हता, आणि हर्रानमध्ये ते विशेष नव्हतं. इथे सीन या चंद्रदेवाचं देऊळ बाबिलोनच्या राजांच्या काळापासून गाजलेलं, आणि ताऱ्या-ग्रहांची पूजा इस्लाम आल्यावरही चालूच होती. इब्न अल-नदीम एक गोष्ट सांगतो. खलिफा मामून ८३० च्या सुमारास मोहिमेवर जाताना इथून गेला. लांब केस, अंगाबरोबर डगले अशी माणसं पाहून त्याने विचारलं, तुमचा धर्म कोणता? यांना सांगता येईना. परत येईपर्यंत मुसलमान व्हा नाहीतर कुराणात नाव असलेला एखादा धर्म धरा, असं बजावून तो गेला. तेव्हा कुणा वकिली डोक्याने सुचवलं, 'आम्ही साबियन' असं सांगा. कुराणात ते नाव आहे, पण ते लोक नेमके कोण हे कुणालाच माहीत नाही. मामून मोहिमेवरच वारला, नाव मात्र चिकटलं. अभ्यासक या कथेवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. मला ती सोडवत नाही. सरकारी फॉर्म कसा भरावा याचा इतका उत्तम नमुना दुसरा नाही. साबित शेवटपर्यंत साबियनच राहिला आणि खलिफा मुतदिदच्या दरबारात मानाने बसला. धर्म बदलावा लागला तो त्याच्या मुलाला.

ऊन डोक्यावर आल्यावर मी पाहुण्यांसाठी राखलेल्या एका पोळेघरात शिरले. बाहेर अंग भाजत होतं, आत माठाजवळ बसल्यासारखं गार. यजमानांनी मिर्रा दिली. घोटभरच कॉफी, पण कडू म्हणजे किराइताची बहीण. कप खाली ठेवणार तोच त्यांच्या पोराने, असेल बारा-तेरा वर्षांचा, माझा हात धरला. "तेझे!" तेझे म्हणजे मावशी. मग मोबाइलवरच्या भाषांतरातून कळलं : मिर्राचा कप टेबलावर ठेवायचा नाही, देणाऱ्याच्या हातातच परत द्यायचा. ठेवलात तर जुन्या रिवाजाप्रमाणे तो सोन्याने भरून द्यावा लागतो. सराफांच्या मुलीवर ही वेळ!

त्या बदल्यात मी त्याला साबितचं गणित दाखवलं. चहाच्या बिलामागे २२० लिहिलं आणि त्याला निःशेष भागणारे आकडे मांडले : १, २, ४, ५, १०, ११, २०, २२, ४४, ५५, ११०. बेरीज कर म्हटलं. २८४. आता २८४ चे विभाजक : १, २, ४, ७१, १४२. बेरीज २२०. पोराने मान वर केली. "दोस्त," मी म्हटलं, आणि तुर्कीतही दोस्त म्हणजे दोस्तच. ही जोडी ग्रीकांना ठाऊक होती. अशा जोड्या काढायची रीत आणि तिची सिद्धता दिली साबितने. २ आणि ४ घ्या. तिनाला दोन्हींनी गुणून एकेक वजा करा : ५ आणि ११. मग नवाला २ × ४ ने गुणून एक वजा : ७१. तिन्ही मूळ संख्या निघाल्या की काम झालं. ४ × ५ × ११ म्हणजे २२०, ४ × ७१ म्हणजे २८४.

पोराने पेन हिसकावून घेतलं आणि ४ आणि ८ लावून बघितले. ११, २३, २८७. मी घाईने मान हलवणार होते, एवढ्यात तो म्हणाला, "येदी," आणि सात बोटं दाखवली. सात एके सात, सात एक्केचाळिसे २८७. जोडी फसली. ८ आणि १६ घेतले की जमते, १७२९६ आणि १८४१६, पण तोवर त्याला आईने हाक मारली होती.

साबितने दुरुस्त केलेला युक्लिडचा तर्जुमा पुढे आपल्याकडेही आला, हे मला परतीच्या डोल्मुशमध्ये आठवलं. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तुसीने युक्लिडची नवी अरबी प्रत सिद्ध केली, ती आधीचा एक अनुवादक हज्जाज आणि साबित या दोघांचे पाठ समोर ठेवून. सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने त्या प्रतीवरून संस्कृतात 'रेखागणित' लिहिलं. ते मुंबईत छापून निघालं १९०१-०२ मध्ये. ग्रीक, अरबी, संस्कृत. आणि प्रत्येक काउंटरवर कुणीतरी नाणं दाताखाली धरून बघितलेलं.

चंद्रावर एका विवराला 'थेबिट' म्हणतात, ते साबितचंच लॅटिन रूप. थोड्या अंतरावर बरंच मोठं 'अल्बाटेग्नियस' आहे. तो अल-बत्तानी, ज्याचे वेध कोपर्निकसनेही वापरले. तोही मूळचा हर्रानचाच. रात्री अष्टमीचा चंद्र होता. पक्षी बघायची दुर्बीण घेऊन मी हॉटेलच्या गच्चीवर गेले, कोपर कठड्यावर टेकवलं, तरी चंद्र हलत राहिला. अर्ध्या तासाने उजेड-अंधाराच्या काठावर एक मोठा खड्डा दिसला. तो बत्तानी असावा. साबित काही दिसला नाही. खाली आले तेव्हा दादाचा मेसेज येऊन पडला होता :

"डॉलर काय दराने मोडलेस?"