पेलेट स्टोव्हच्या पाइपमधला धूर: दिसतो एकीकडे, गळतो दुसरीकडे

९ नोव्हेंबर

या हिवाळ्यातली पहिली नोंद. न्यू हॅम्पशायरमध्ये रात्री पारा शून्याखाली जायला लागला, म्हणून परवा पेलेट स्टोव्ह (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालणारी शेगडी) पेटवला. सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत. पाच मिनिटांत त्यांनी विचारलं, "अगं, शेजारी कुणी पाचोळा जाळतंय का?" मला काहीच जाणवलं नव्हतं. रोज त्याच खोलीत बसणाऱ्याचं नाक मरतं, बाहेरून आलेल्या माणसाला वास आधी कळतो. त्यामुळे त्यांचं म्हणणं मी तेव्हाच मनावर घेतलं.

कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर शून्य होतं, पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नका. अमेरिकेत विकले जाणारे हे अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू) लगेच वाजत नाहीत. त्या पातळीला त्यांनी एक ते चार तासांत वाजायचं असतं, ४०० पीपीएमला मात्र ४ ते १५ मिनिटांत. म्हणजे थोडीशी गळती अलार्म तासन्‌तास वाजवणार नाही, किंवा वाजवणारच नाही. मी आकडा दाखवणारा आणखी एक अलार्म आणून स्टोव्हच्या खोलीत लावला, आणि कारण सापडेपर्यंत रात्री स्टोव्ह चालू ठेवायचा नाही असं घरात ठरवलं.

१५ नोव्हेंबर

नव्याने या छंदात आलेल्यांसाठी थोडं मूळ सांगते, कारण सगळा शोध त्यावरच उभा आहे. लाकडाच्या साध्या शेगडीत धूर स्वतःच्या उष्णतेने धुराड्यातून वर चढतो. धुराड्याला ओढ असते, त्यामुळे सांध्यात फट असली तर बहुतेक वेळा खोलीतली हवा आत जाते. पेलेट स्टोव्हमध्ये ओढायचं काम विजेचा पंखा करतो. पंख्याच्या अलीकडे, म्हणजे जळणाच्या कोठीत, दाब खोलीपेक्षा कमी. पंख्याच्या पलीकडे, म्हणजे पाइपात, दाब जास्त. दाराची फट बंद करणारी दोरी झिजली तर हवा आत घुसते, ज्योत मंदावते, काच काळी होते. पाइपाचा सांधा सुटला तर धूर खोलीत येतो. वास येतोय म्हणजे आधी पंखा आणि त्याच्या पुढचा भाग बघायचा.

वेळही महत्त्वाची. आग नीट धरली की पेलेटचा धूर डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. पण पेटताना, ज्योत यायच्या आधी, पेलेट नुसते धुमसतात. ती चार-पाच मिनिटं गळती शोधायला सर्वांत चांगली. दिवसातून एक किंवा दोनच संधी मिळतात, कारण पुढच्या वेळी स्टोव्ह पुन्हा पूर्ण गार असावा लागतो.

शोधाआधी सफाई केली. टीच्या (पाइपाचा T आकाराचा जोड) खालच्या टोपणात दोन मुठी राख निघाली, बाहेरच्या टोकाच्या जाळीवरही थर होता. वाट तुंबली की पाइपातला दाब वाढतो आणि एरवी न गळणारा सांधाही गळतो. पाइपाची हिशेबी लांबीही काढली, म्हणजे वळणांचा अडथळाही फुटांत धरून. आमचा पाइप ३ इंची आहे. टी आणि काटकोनी वळण यांचे प्रत्येकी ५ फूट धरतात, उभ्या पाइपाचा फूटाला अर्धा, आडव्याचा फूटाला एक. आमच्याकडे टी ५, चार फूट उभा पाइप २, वळण ५, भिंतीतून आडवा दोन फूट २. एकूण १४. पंधराच्या पुढे गेलं तर ४ इंची पाइप वापरायचा असा रूढ नियम आहे, म्हणजे आम्ही काठावर असलो तरी आत आहोत.

१६ नोव्हेंबर

सगळे दिवे बंद केले. लेकीने टॉर्च पाइपाला समांतर धरला, समोरून नाही. समोरून धरला की चकचकीत पत्रा डोळ्यांत चमकतो आणि धूर दिसत नाही. तिसऱ्या मिनिटाला टीच्या वरच्या सांध्यातून दोऱ्यासारखी करडी रेघ वर चढताना दिसली. लेक आनंदाने ओरडली. मीही लगेच अॅल्युमिनियमची टेप आणून सांधा गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी तीच रेघ त्याच्या वरच्या सांध्यातून.

टेपेचा डिंक गरम पाइपासाठी नसतो, पण खरी चूक ती नव्हती. पेलेटचा पाइप दुपदरी असतो. आत स्टेनलेस स्टीलची नळी, बाहेर जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, मध्ये हवेची पोकळी. आतल्या नळीचा सांधा सुटला की धूर त्या पोकळीत शिरतो आणि बाहेरच्या पत्र्याला जिथे फट मिळेल तिथून निघतो. मी त्याची बाहेर पडायची जागा बंद केली होती, म्हणून त्याने दुसरी शोधली. पावसाळ्यात छताची गळती शोधणाऱ्याला हे माहीत असतं: पाणी टपकतं तिथे कौल फुटलेलं नसतं.

२१ नोव्हेंबर

टेप सोलून काढली. या वेळी टॉर्चबरोबर उदबत्ती. स्टोव्ह गार ठेवून तपासणीच्या मोडमध्ये फक्त धुराचा पंखा चालवला आणि पेटती उदबत्ती खालून वर एकेका सांध्याजवळ नेली. खोलीतली इतर सगळी हवा स्थिर हवी, वरचा पंखा आणि हीटरसुद्धा बंद. धुराची रेघ सरळ वर जात असेल तर सांधा ठीक. स्टोव्हच्या पाठीमागे, जिथे त्याचं तोंड पाइपाला जोडणारा अॅडॅप्टर आहे, तिथे रेघ माझ्याकडे ढकलली गेली. हात सरकवून तिथे पुसलं तर बोटाला काजळी लागली.

शनिवारी पाइप उतरवला. जुनं सिलिकॉन समोरून गुळगुळीत दिसत होतं, पण भिंतीच्या बाजूचा जवळजवळ पाव घेर कोराच होता. ज्यांनी कुणी ते लावलं, त्यांचा हात पाइप जोडलेला असताना तिथे पोचला नसणार. त्या कोऱ्या जागेपासून टीच्या आतल्या नळीवर काजळीची काळी जीभ वर गेली होती. दोन आठवडे जे शोधत होते ते असं डोळ्यांसमोर आलं, मी कितीतरी वेळ तो तुकडा हातात धरून बसले होते.

दुरुस्ती: जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं, स्पिरिटने पुसलं, फडकं पांढरं निघेपर्यंत. नवं लाल सिलिकॉन उष्णता सोसणारं, ट्यूबवर निदान ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० सेल्सिअस, लिहिलेलं हवं. सुटे भाग जमिनीवर असतानाच आतल्या नळीच्या कडेला अखंड घेर लावला, मग थोडं फिरवून बसवलं, म्हणजे तो सगळीकडे पसरतो. भट्टीचं सिमेंट इथे वापरू नका. पाइप तापून-निवून हलतो, सिमेंट तडकतं, आणि पुढच्या सफाईला सांधा उघडतही नाही. पाइप उघडाच होता म्हणून पंखा आणि स्टोव्ह यांच्यामधलं गॅस्केटही (सांधा हवाबंद करणारी पट्टी) बदलून टाकलं.

एक गोष्ट मला नव्याने कळली. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. हिवाळ्यात आमच्या घरातली हवा फार कोरडी असते, म्हणून नेहमीच्या २४ तासांऐवजी ४८ तास दिले आणि शेजारी पाण्याचं पसरट पातेलं ठेवलं. व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्यावरच स्टोव्ह पेटवला.

२९ नोव्हेंबर

अंधार, टॉर्च, लेक. सहा मिनिटं काहीही नाही. मग ज्योत. सासूबाईंना मुद्दाम दहा मिनिटं बाहेर फिरायला पाठवून परत बोलावलं. त्या म्हणाल्या, "आता नाही येत."

३ डिसेंबर

पण कपडे वाळवायचं यंत्र चालू असताना वास परत आला. स्टोव्हपाशी नाही, भिंतीपाशी.

हे यंत्र घरातली हवा बाहेर टाकतं, स्वयंपाकघराचा पंखाही तेच करतो. तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते. भिंतीतून पाइप जातो तिथे त्याच्याभोवती बसवलेल्या कड्याजवळ उदबत्ती धरली, तर वारा थेट खोलीत येत होता. बाहेर जाऊन पाहिलं: कड्याच्या कडेचं सीलंट वाळून सुटलेलं, आणि पाइपाचं तोंड तिथून हातभर अंतरावर. म्हणजे बाहेर टाकलेला धूर घर परत आत ओढत होतं. पाइपाचं तोंड शेजारच्या खिडकीपासून ४ फुटांपेक्षा लांब आहे की नाही तेही मोजलं. आहे, पाच फूट तीन इंच.

बाहेरून कड्याची कड नव्याने बंद केली. त्या पोकळीत फवारायचा फोम भरू नका, तो जळतो. पाइपाभोवतीचं मोकळं अंतर मोकळंच राहायला हवं.

१४ डिसेंबर

४० पौंडांच्या अकरा पिशव्या जळल्या. सकाळी कपडे वाळवायचं यंत्र चालू, स्वयंपाकघराचा पंखा चालू, स्टोव्ह नुकताच पेटवलेला, तिन्ही एकदम. दोन्ही अलार्मवर शून्य, वास नाही. आज रात्रीपासून स्टोव्ह पुन्हा रात्रभर चालेल.

टीच्या खालच्या टोपणाची रबरी कडी एका बाजूला चपटी झाली आहे. अजून गळत नाही, पण जानेवारीच्या सफाईला ती बदलायची आहे. तुमच्यापैकी कुणी ३ इंची टीसाठी नुसती कडी वेगळी मिळवली असेल तर सांगा, नाहीतर अख्खं टोपण घ्यावं लागेल.