मार्चमधला बर्फ

अमेरिकेतल्या मिनिॲपोलिस शहरात सायकलने कामावर जाणाऱ्यांना जानेवारीपेक्षा मार्च अधिक छळतो, हे येथे नव्याने आलेल्या कुणाला सहसा पटत नाही. जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांवर असला, तरी मिडटाउन ग्रीनवे या सायकलमार्गावरचा बर्फ यंत्राने बाजूला सारलेला असतो आणि मागे उरणारा पातळ थर इतका कोरडा व खरखरीत असतो की त्यावर चाकाला पकड मिळते. मार्चमध्ये मात्र दुपारच्या उन्हाने कडेचे ढीग वितळू लागतात, त्यांचे पाणी मार्गावर पसरते आणि रात्री त्याचीच काच होते.

ग्रीनवेच्या बाबतीत ही अडचण वाढते, कारण तो मुळात रेल्वेमार्ग आहे. रूळ आणि शहरातले रस्ते एकमेकांना छेदू नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रूळ खोल खंदकात उतरवण्यात आले, आणि २००० पासून टप्प्याटप्प्याने तेथे साडेपाच मैलांचा सायकलमार्ग तयार झाला. खंदकामुळे सिग्नल लागत नाहीत, वाराही अडतो. पण हे शहर ४५ अक्षांशावर असल्याने डिसेंबरअखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम बावीस अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या काठाची सावली त्याच्या उंचीच्या अडीच पट लांब पडते. २० मार्चच्या सुमारास ती उंचीएवढीच उरते. म्हणजे वरचे रस्ते कोरडे झाले, तरी त्यावरून खालच्या मार्गाचा अंदाज बांधता येत नाही. पुलांखाली तर ऊन पोहोचतच नाही, आणि वरून ठिबकणारे पाणी नेमके तेथेच गोठते.

त्यातच मार्चच्या दुसऱ्या रविवारी उन्हाळी वेळेसाठी घड्याळे एक तास पुढे जातात. संध्याकाळ उजेडाची होते खरी, पण सूर्योदय साडेसातच्या पुढे ढकलला जातो आणि सकाळची फेरी पुन्हा अंधारात, रात्रीच्या गारठ्यात होते. सायकलस्वारांना विचारले असते, तर हा बदल एप्रिलपर्यंत लांबवा, असेच बहुतेकांनी सांगितले असते!

बर्फ वितळवण्यासाठी मार्गावर मीठ अधिक टाकावे, अशी मागणी दरवर्षी ऐकू येते. मला ती पटत नाही. उणे नऊ अंशांखाली साध्या मिठाचा फारसा उपयोग होत नाही, आणि चमचाभर मीठ पाच गॅलन पाणी कायमचे बिघडवते. हाच मार्ग पश्चिमेला लेक ऑफ द आइल्सजवळून जातो, आणि वितळलेले पाणी शेवटी अशाच तळ्यांत उतरते.

म्हणून मी दुपारच्या कमाल तापमानाकडे पाहत नाही. सलग काही रात्री पारा शून्याच्या वर राहिला, तरच मार्ग मोकळा झाला असे मानतो. तरीही, २०१८ मध्ये एप्रिलच्या मध्यावर सुमारे पंधरा इंच हिमवृष्टी झाली होती हे ध्यानात ठेवून, बर्फावर पकड देणारे खिळ्यांचे टायर मी त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याआधी उतरवत नाही; कोरड्या डांबरावरचा त्यांचा खडखडाट आणि जडपणा तोवर सोसतो.