त्या लाल बटणावरची तीन अक्षरं

चाकणच्या त्या कारखान्यात मी तीन दिवसांसाठी गेले होते. जर्मनीतल्या एका बंद पडलेल्या प्लांटमधली जुनी मशिनिंग लाइन त्यांनी विकत घेतली होती. ती सुटी होऊन कंटेनरमधून आली आणि इथे पुन्हा जोडली गेली. सोबत आलेलं मॅन्युअल जर्मनमध्ये होतं. आधीचा दीड महिना घरी बसून मी ते इंग्रजीत आणलं होतं, आणि ऑपरेटरला लागतील तेवढी पानं मराठीत केली होती. आता ट्रायल सुरू होती. जर्मनीहून एक इंजिनिअर आला होता आणि त्याच्या नि आपल्या माणसांच्या मधे दुभाषी म्हणून मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास लाइनच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडण्याचा आवाज आला. आम्ही धावत पोचलो तोवर कन्व्हेयर थांबला होता. फिटरमामा उजवा हात छातीशी धरून जमिनीवर बसले होते आणि त्यांचा हातमोजा रोलरखाली तसाच अडकलेला होता. पॅलेट तिरकं झालं म्हणून ते सरळ करायला त्यांनी हात घातला होता. सेफ्टीची जाळी अजून बसायची होती, त्यामुळे हात जायला वाट होती. मोज्याची बोटं पॅलेटखाली ओढली गेली, तेव्हा त्यांनी सगळा जोर लावून मोज्यातून हात बाहेर काढला. दोन बोटांची सालटं निघाली, एक नख काळंनिळं पडलं. तेवढ्यावर निभावलं.

पॅनेलपाशी उभा होता एक हेल्पर. वय एकवीस, लातूरकडचा, आयटीआय करून ठेकेदारामार्फत लागलेला. त्याचा चेहरा मामांपेक्षा पांढरा पडला होता.

तीन वाजता मीटिंग बसली. प्लांट मॅनेजर, सेफ्टी ऑफिसर, शिफ्ट इनचार्ज, जर्मन इंजिनिअर आणि मी. पोराला उभं केलं. "मामा ओरडले तेव्हा बटण का नाही दाबलंस?" इनचार्जनी विचारलं.

"दाबलं साहेब. दोनदा दाबलं."

"मग बंद का नाही झालं?"

"दिवा लुकलुकायला लागला. पण पट्टा चालूच."

बरोबर होतं त्याचं. पॅनेलवर लाल बटणं दोन होती. एक छोटं, त्याच्याखाली 'हाल्ट'. ते दाबलं की मशीन चालू असलेलं आवर्तन पुरं करतं आणि मग थांबतं. तोवर दिवा लुकलुकतो. दुसरं मोठं, कुत्र्याच्या छत्रीच्या आकाराचं. ते दाबलं की जिथल्या तिथे सगळं बंद.

"आणि मोठं? ते तर समोर होतं!"

पोरगा गप्प. पुन्हा विचारल्यावर खाली मान घालून म्हणाला, "हात नेला होता साहेब. पण त्याच्यावर लिहिलंय ना... नॉट हॉल्ट."

कोणीतरी हसलं. इनचार्जना वाटलं, पोरगा कारण सांगतोय. मी जर्मन इंजिनिअरसाठी भाषांतर करत होते, आणि ते वाक्य जर्मनमध्ये सांगायला तोंड उघडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे वाक्य जर्मनमध्ये सांगताच येत नाही.

एन, ओ, टी. जर्मनमध्ये त्याचा उच्चार 'नोट', आणि अर्थ संकट, निकड, आणीबाणी. 'नोट-हाल्ट' म्हणजे आणीबाणीत थांबवायचं बटण. जुन्या मशिनींवर 'नोट-आउस' असतं, तेही त्याच घराण्यातलं. हीच तीन अक्षरं इंग्रजी डोळ्यांनी वाचली की 'नॉट', म्हणजे नाही. आणि पुढचा शब्द 'हाल्ट' मात्र दोन्हीकडे एकाच अर्थाचा, कारण इंग्रजीने तो मुळात जर्मनमधूनच घेतलाय. जोडून वाचलं तर इंग्रजीत काय होतं? थांबू नको. पोराने छोटं बटण दाबलेलं होतं, दिवा लुकलुकत होता, मशीन आता थांबेल अशी त्याला आशा होती. त्याला वाटलं, हे मोठं दाबलं तर थांबायच्या बेतात असलेलं मशीनही थांबायचं नाही. म्हणून त्याने नेलेला हात मागे घेतला.

इथे कोणी म्हणेल, मोठं लाल बटण म्हणजे इमर्जन्सी, हे आयटीआयत पहिल्या महिन्यात शिकवतात. शिकवतात. लाल बटण आणि मागे पिवळी चकती, ही जगभरची खूण आहे. पण या मशीनचं ओव्हरहॉलिंग करताना पॅनेल सरसकट करड्या रंगाने रंगवलं होतं आणि पिवळी चकती त्याखाली गेली होती. जर्मन अक्षरांची पाटी मात्र पुसून लख्ख केलेली. ज्यावर विसंबायचं ती खूण झाकली गेली होती, आणि जी चकवणारी ती चकाकत होती. या बटणांच्या मानकाची 2015ची आवृत्ती तर म्हणते, की त्यावर अक्षरं नसावीतच. फार तर ठरलेलं चिन्ह असावं. आमचं मशीन त्याच्या आधीचं.

हे सगळं मी आधी जर्मनमध्ये सांगितलं. तो इंजिनिअर तडक उठून पॅनेलपाशी गेला, आम्ही त्याच्या मागे. तो पाटीकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "वीस वर्षं हा शब्द रोज बघतोय. इंग्रजी म्हणून एकदाही वाचला नाही." तो कसा वाचणार? त्याची ती मातृभाषा.

इनचार्जना मात्र अजून पटत नव्हतं. "मॅडम, एवढं काय, शब्द कळला नाही तर विचारायचं ना," ते म्हणाले. मी त्यांना म्हटलं, "साहेब, न कळलेला शब्द माणूस विचारतो. हा त्याला कळला होता." आणि मग मला त्यांच्याच शॉपमधली गोष्ट आठवली, जी त्यांनीच आदल्या दिवशी चहा पिताना सांगितली होती. क्रेनवर गोरखपूरकडचा ऑपरेटर होता. खालून आपला माणूस हात हलवून ओरडत होता, "खाली! खाली!" ऑपरेटरने ट्रॉली रिकामी करायला घेतली. कारण हिंदीत खाली म्हणजे रिकामं. मी त्याची आठवण दिली तसे इनचार्ज एकदम गप्प झाले. मग पोराकडे वळून म्हणाले, "जा, जेवलास का? जेवून घे आधी."

त्या पोराच्या नावाचं वॉर्निंग लेटर टाइप होऊन तयार होतं. ते निघालं नाही. सेफ्टी ऑफिसरनी अपघाताच्या रिपोर्टमध्ये कारण म्हणून 'पाटीवरील भाषा' असं लिहिलं.

पण माझं मन काही शांत होत नव्हतं. माझ्या मराठी पानांत बारा ठिकाणी लिहिलं होतं, 'इमर्जन्सी स्टॉप दाबा'. भाषांतर अचूक होतं, कोणीही तपासावं. आणि त्या अख्ख्या मशीनवर 'इमर्जन्सी स्टॉप' अशी अक्षरं कुठेही नव्हती. कागदावरचा शब्द आणि लोखंडावरचा शब्द यांची गाठ घालून देणं हे माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं. पाट्या कामाच्या यादीत नव्हत्या, हे खरं. पण मी मशीन एकदा डोळ्यांनी बघून मग भाषांतराला बसले असते, तर ती पाटी मला दिसली असती. युरोपात यंत्र विकायचं तर त्या त्या देशाच्या भाषेत सूचना द्याव्या लागतात, तसा त्यांचा नियमच आहे. जुनं यंत्र तिथून निघून आपल्याकडे आलं की ती जबाबदारी कोणाची, हे आपणच ठरवायचं असतं.

त्या संध्याकाळी मी, तो हेल्पर आणि सेफ्टी ऑफिसर, असे तिघं टॉर्च घेऊन लाइनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो. पाटी दिसली की तो इंग्रजीत काय वाचतो ते मोठ्याने सांगायचा, मी जर्मन अर्थ सांगायचे, ऑफिसर लिहून घ्यायचे.

लिफ्टिंग टेबलवर 'लास्ट 500 किलो'. तो म्हणाला, "शेवटचे पाचशे किलो?" जर्मनमध्ये लास्ट म्हणजे भार. फिरत्या भागाच्या स्विचवर 'लिंक्स'. तो म्हणाला, "लिंक जोडायची." जर्मनमध्ये लिंक्स म्हणजे डावीकडे. स्क्रीनवर मेसेज होता 'फास्ट', पुढे 'लेअर', तेलाच्या टाकीच्या चित्राशेजारी. तो म्हणाला, "तेल फास्ट चाललंय?" मला शहारा आला. जर्मनमध्ये फास्ट म्हणजे जवळजवळ, लेअर म्हणजे रिकामी. टाकी रिकामी व्हायला आलीये असं मशीन सांगत होतं. मूळ शब्द दोन्हीकडे एकच, घट्ट, पक्का या अर्थाचा. इंग्रजीत तो पक्का-जोरात-वेगात असा सरकला आणि जर्मनमध्ये पक्का-अगदी-जवळजवळ असा. एका घरातले दोन भाऊ वेगळ्या गावांना जाऊन राहावेत तसं. उलट 'नॉट' आणि 'नोट' यांचं नातंच नाही. जर्मन नोटची बहीण इंग्रजीत 'नीड' आहे; इंग्रजी नॉट आलाय एन-ओ-यू-जी-एच-टी अशा स्पेलिंगच्या शब्दाच्या जुन्या रूपातून, ज्याचा अर्थ 'काहीही नाही'.

आगीच्या पेटीवर 'ब्रांट' होतं. इंग्रजी स्पेलिंग ब्रँडचं. पोराला वाटलं, कंपनीचं नाव. जर्मनमध्ये ब्रांट म्हणजे आग. हेही मुळात सख्खे: तापल्या लोखंडाने जनावरावर उमटवलेला डाग तो ब्रँड. आणि लाइनच्या शेवटी डीग्रीझिंगच्या, म्हणजे तेलकटपणा काढायच्या सामानाच्या कपाटावर, कवटीच्या चित्राखाली, 'गिफ्ट'. तिथे मात्र तो थबकला. कवटी बघून म्हणाला, "हे गिफ्ट घ्यायचं नाही ना मॅडम?" विष. जर्मन शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात सांगतात तो शब्द. मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना आमचा सगळा वर्ग त्यावर हसला होता. मूळ अर्थ तिकडेही 'दिलेली वस्तू'च. दिलेला डोस, मग दिलेलं औषध, मग विष, असा तो उतरत गेला. पण एका जोडशब्दात जुना अर्थ टिकून राहिलाय: 'मिटगिफ्ट', म्हणजे हुंडा. हे सांगितल्यावर तो पोरगा काही बोलला नाही. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "ताईच्या लग्नाचं कर्ज अजून फिटतंय आमचं."

माझा अनुभव असा, की गिफ्टसारखे गाजलेले शब्द फारसा घात करत नाहीत. त्यांच्याविषयी सगळे सावध असतात. घात करतात ते नॉट, लास्ट, फास्ट असले तीन-चार अक्षरांचे, ज्यांच्यासाठी कोणी डिक्शनरी उघडत नाही. फ्रेंचमध्ये अशा शब्दांना 'खोटे मित्र' म्हणतात. हा शब्दप्रयोग 1928 साली दोन फ्रेंच अभ्यासकांनी रूढ केला. मला त्यातला 'मित्र' हा भाग महत्त्वाचा वाटतो. मित्र वाटतो म्हणूनच त्याला कोणी दारात अडवत नाही.

आणखी एक. देवनागरीत पाटी असती तर हा प्रसंग आलाच नसता. 'नोट' आणि 'नॉट' आपल्याकडे दिसतातच वेगळे. एका चंद्राचा फरक, पण तो फरक डोळ्यांना दिसतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पोरं माझ्याभोवती जमली. "अजून सांगा मॅडम." मग मी सांगत गेले. बी-यू-आर-आर-ओ, बुर्रो, इटालियनमध्ये लोणी आणि स्पॅनिशमध्ये गाढव. पोल्वो हा स्पॅनिशमध्ये धूळ, पोर्तुगीजमध्ये आठ पायांचा ऑक्टोपस. पोलिश माणसाचं 'स्क्लेप' म्हणजे दुकान, शेजारच्या चेक माणसाचं 'स्क्लेप' म्हणजे तळघर. फिनलंडमध्ये 'हालितुस' म्हणजे सरकार. समुद्र ओलांडून एस्टोनियात गेलं की बुरशी. इंग्रजी 'पेन' म्हणजे वेदना, त्याच स्पेलिंगचा फ्रेंच शब्द म्हणजे पाव. "आणि तो पाव," मी वडापावकडे बोट दाखवलं, "त्याच्याच पोर्तुगीज भावाकडून आपल्याकडे आलाय." एकाने विचारलं, "मग त्यांची आपापसात भांडणं होत नाहीत का?" दुसऱ्याने लगेच त्याला सांगितलं, "तू हिंदीवाल्याला 'शिक्षा' दे, मग बघ." हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी सगळ्या पाट्यांवर मराठी आणि हिंदी स्टिकर लागले. मोठ्या बटणामागे नवी पिवळी चकती बसली. तिच्याखालचा स्टिकर त्या पोरानेच चिकटवला, अंगठ्याने दाबत, एकही बुडबुडा राहू न देता: 'धोका! लगेच बंद करा'. फिटरमामा बँडेज बांधलेल्या हाताने शेजारी उभे राहून तो सरळ लागलाय का ते सांगत होते.

साधारण वर्षाने रात्री दहा वाजता मला एका अनोळखी नंबरवरून फोटो आला. पोरगा आता दुसऱ्या कारखान्यात होता, परमनंट. फोटोत दोन पाइप, दोन व्हॉल्व्ह. एकावर 'सी', दुसऱ्यावर 'एफ'. खाली मेसेज: "मॅडम, मशीन इटलीचं आहे. सी म्हणजे कोल्ड, हे मला माहीत आहे. पण तुम्हाला विचारल्याशिवाय फिरवत नाही."

मी लगेच फोन लावला. "हात लावू नकोस. इटालियनमध्ये सी म्हणजे काल्दो. गरम."