घरातले माणूस जिल्हा कारागृहात असते तेव्हा

जिल्हा न्यायालयात वकिली करताना माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : तो सुटेल कधी? पहिल्या दिवशी याचे खात्रीचे उत्तर कोणालाच देता येत नाही, आणि जो ते छातीठोकपणे देतो त्याच्यापासून कुटुंबाने दूर राहावे, असे मी स्पष्ट सांगतो. मात्र हे काम जवळून पाहिल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. कोठडीतले कितीतरी दिवस कायद्याच्या कलमांमुळे वाढत नाहीत. ते एखादा दाखला वेळेवर न मिळाल्यामुळे, जामीनदार उभा न राहिल्यामुळे किंवा कोणत्या टप्प्यावर कोणाकडे जायचे हे घरात कोणालाच ठाऊक नसल्यामुळे वाढतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) २०२२ च्या अहवालानुसार देशातील कारागृहांत असलेल्या ५,७३,२२० जणांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा खटला अजून निकाली निघालेला नव्हता. त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहीत आहे.

सर्वांत आधी आपला माणूस नेमका कोठे आहे हे समजून घ्यावे. पोलीस ठाण्याच्या कोठडीत असलेला माणूस पोलिसांच्या ताब्यात असतो. या कोठडीला न्यायालयात ‘पीसीआर’ (पोलीस कस्टडी रिमांड) म्हणतात. न्यायालयीन कोठडी, म्हणजे ‘एमसीआर’ (मॅजिस्ट्रेट कस्टडी रिमांड), मिळाली की तो कारागृह प्रशासनाकडे जातो आणि मग ठाणे अंमलदाराला भेटीसाठी विनवण्या करून उपयोग नसतो. महाराष्ट्रात येरवडा, हर्सूल, कळंबा यांसारखी मध्यवर्ती कारागृहे आहेत, बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा कारागृह आहे आणि काही तालुक्यांच्या ठिकाणी तहसीलदारांच्या अखत्यारीतील दुय्यम कारागृहे आहेत. जागा भरलेली असेल तर बंद्याला दुसऱ्या जिल्ह्यातही पाठवले जाते. म्हणून रिमांडच्या, म्हणजे कोठडीच्या आदेशाच्या, दिवशी न्यायालयातून निघण्यापूर्वी कोणत्या कारागृहाचे वॉरंट निघाले आहे हे वकिलाकडून विचारून घ्यावे.

अटकेनंतरचे पहिले चोवीस तास फार महत्त्वाचे असतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावेच लागते. अटकेचा पंचनामा करावा, त्यावर घरच्या किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही असावी आणि नातेवाइकांना कळवावे, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ साली सांगितले; जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहे. अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, आणि ती लगेच देणे शक्य नसेल तर दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी द्यावीत, असा निकाल २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यामुळे पोलिसांनी दिलेला प्रत्येक कागद, मग तो कितीही किरकोळ वाटो, फोटो काढून आणि मूळ प्रत जपून ठेवावा. पुढे जामिनाचा युक्तिवाद अनेकदा या कागदावरील तारीख आणि वेळेवरच उभा राहतो.

हजर करण्याच्या वेळी घरातील एकाने तरी न्यायालयात असावे. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते; तरीही मारहाण झाली असेल, चालू औषध थांबले असेल किंवा जुना आजार असेल, तर ते दंडाधिकाऱ्यांना त्याच दिवशी सांगितले जाणे आवश्यक आहे. आरोपी स्वतः बोलू शकतो, त्याला तो अधिकार आहे. पण भेदरलेल्या माणसाला हे सुचत नाही. त्या पाच मिनिटांत नोंदवून घेतलेली तक्रार आणि महिन्याभराने केलेली तक्रार यांचे वजन न्यायालयात सारखे राहत नाही.

वकील लावण्याची ऐपत नाही म्हणून घाबरून जमिनीचा तुकडा विकायला निघालेली कुटुंबे पाहिली की मन विषण्ण होते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ मधील तरतुदीप्रमाणे कोठडीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा अधिकार आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही मदत मागता येते. खासगी वकील लावायचा असेल तर जरूर लावावा. मात्र फी कशाची, किती टप्प्यांत आणि पावती मिळणार की नाही, हे आधी विचारावे. न्यायालयाच्या किंवा कारागृहाच्या दाराबाहेर ‘आत ओळख आहे, काम करून देतो’ म्हणणाऱ्या कोणाच्याही हाती एक रुपयाही देऊ नये, आणि ‘तुमच्या मुलाला आत त्रास होतोय, या नंबरवर पैसे पाठवा’ असा फोन आला तर पैसे न पाठवता वकिलाला कळवावे.

न्यायालयीन कोठडी झाली म्हणजे पोलिसांचा संबंध संपला, असा समज जुन्या अनुभवावरून अनेकांचा असतो. नव्या संहितेनुसार पोलीस कोठडीचे एकूण १५ दिवस सलग घेण्याचे बंधन राहिलेले नाही. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ते तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. त्यामुळे कारागृहात गेलेल्या माणसाला पुन्हा काही दिवसांसाठी पोलीस कोठडीत नेले गेले, तर घरच्यांनी लगेच काही अघटित घडले असे समजू नये, पण त्या मागणीला विरोध करण्यासाठी वकील हजर राहील याची काळजी मात्र घ्यावी.

कारागृहात दाखल होताना झडती, नोंदणी आणि वैद्यकीय तपासणी होते. मधुमेह, फिट्स, दमा, मानसिक आजार यांची औषधे चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट यांच्या प्रती अधीक्षकांच्या नावे अर्जासोबत द्याव्यात आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. गोळ्यांची पाकिटे बहुधा थेट आत जात नाहीत. कारागृहाचे डॉक्टर कागद पाहून औषध सुरू करतात. ते सुरू झाले नाही तर वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करता येतो, आणि अशा अर्जाला पोच असलेली प्रत जोडली की त्याचे म्हणणे ऐकले जाते.

मुलाखतीचे दिवस, वेळा, एका वेळी किती जणांना सोडतात, कोणते कपडे चालतात, खर्चासाठी दरमहा किती मनीऑर्डर पाठवता येते, हे प्रत्येक कारागृहाच्या दाराशी असलेल्या फलकावर पाहावे, कारण नियम वेळोवेळी बदलतात. जाताना आधारकार्ड आणि नाते दाखवणारा कागद न्यावा. दूरवर राहणाऱ्या आई-वडिलांसाठी ई-मुलाखतीची सोय आहे. राष्ट्रीय कारागृह पोर्टलवर नाव नोंदवले की मंजुरीनंतर व्हिडिओवर बोलता येते. मुलाखतीत खटल्यातील घटनेची चर्चा टाळावी, साक्षीदारांची नावे घेऊ नयेत. तो वेळ घरच्या बातम्यांसाठी वापरावा : पोराची परीक्षा कशी झाली, पेरणी उरकली का, आईचा गुडघा कसा आहे. वीस मिनिटे काचेपलीकडे रडण्यात गेली तर आतला माणूस पुढचा आठवडाभर ते ओझे घेऊन बराकीत बसतो. हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे, याची मला जाणीव आहे.

आता जामिनाकडे येतो, कारण सर्वाधिक दिवस येथेच वाया जातात. पहिली गोष्ट म्हणजे दिवस मोजणे. तपास ठरलेल्या मुदतीत पूर्ण करून दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्कच निर्माण होतो. ही मुदत मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवस आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवस आहे. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) किंवा यूएपीए (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा) यांसारख्या विशेष कायद्यांत ती वाढवता येते. पहिल्या रिमांडचा दिवस धरून मोजणी करावी. हा हक्क आपोआप पदरात पडत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र आले तर हक्क निसटतो. घरातल्या दिनदर्शिकेवर ती तारीख लाल शाईने लिहून ठेवण्याचा सल्ला मी प्रत्येक कुटुंबाला देतो.

दुसरी तरतूद संहितेच्या कलम ४७९ ची. संबंधित गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्चा कैदी म्हणून आत काढलेल्या व्यक्तीला, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या व्यक्तीला एक तृतीयांश काळानंतरच, जामिनावर सोडण्याचे हे कलम सांगते. जन्मठेप वा मृत्युदंडाचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेले आरोपी याला अपवाद आहेत. त्यासाठी न्यायालयाला कळवण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे, तरी त्यांनी तसा अर्ज दिला आहे का, याची चौकशी घरच्यांनीही करीत राहावी.

जामीन मंजूर झाल्याचा आनंद घरी पोहोचतो, आणि मग जामीनदाराचा शोध सुरू होतो. खरे तर हा शोध अटकेच्या पहिल्या आठवड्यातच सुरू व्हायला हवा. जामीनदाराकडून साधारणपणे आधारकार्ड, शिधापत्रिका, फोटो, सातबारा उतारा किंवा घरपट्टीची पावती, नोकरदार असल्यास पगारपत्रक, आणि न्यायालयाने मागितल्यास तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला लागतो. हा दाखला मिळायला कधी कधी जामिनाच्या सुनावणीपेक्षा जास्त दिवस जातात. सातबाऱ्यावर मयत आजोबांचेच नाव असेल, वारसनोंद झालेली नसेल, तर तो जामीनदार त्या दिवशी उपयोगाचा नसतो. म्हणून दोन माणसे तयार ठेवावीत. त्यांना हेही खरे सांगावे की आरोपी तारखेला आला नाही तर मुचलक्याची रक्कम त्यांच्याकडून वसूल होऊ शकते; हे लपवून मिळवलेली सही पुढे नात्यातच कायमची कटुता आणते. पैसे घेऊन बनावट सातबाऱ्यावर उभे राहणारे जामीनदार घेणे म्हणजे नवा गुन्हा ओढवून घेणे आहे.

जामीनदार मिळेपर्यंत रोख रक्कम भरून तात्पुरते सोडावे, अशी विनंती करता येते आणि न्यायालये ती अनेकदा मान्य करतात. जामीनदार त्याच जिल्ह्याचा असला पाहिजे असा हट्ट धरणे योग्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम प्रकरणात १९७८ मध्येच सांगितले आहे. जामिनाची रक्कम झेपत नसेल तर ती कमी करून मागता येते. जामीन मिळूनही सात दिवसांत बंदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, आणि महिन्याभरात जामीनदार देता आला नाही तर न्यायालयाने अट शिथिल करण्याचा स्वतःहून विचार करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिले. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब बंद्यांसाठी योजना आणली. तिच्यात जिल्हा समितीच्या मंजुरीने जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते (२०२३ च्या नियमांत ही मर्यादा ४०,००० रुपये होती), मात्र अंमली पदार्थ, यूएपीए, मनी लॉन्ड्रिंग आणि भ्रष्टाचाराच्या प्रकरणांना ती लागू नाही. या तरतुदी बराकीतल्या माणसापर्यंत क्वचितच पोहोचतात. त्यांचा लाभ घरच्यांनाच मागावा लागतो.

काही विशेष परिस्थितींचा उल्लेख केलाच पाहिजे. अटक झालेला मुलगा अठरा वर्षांखालील असण्याची शक्यता असेल तर शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला त्याच दिवशी न्यायालयात न्यावा. त्याला कारागृहात ठेवता येत नाही, त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते, आणि वयाचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो. स्त्रीला अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही, आणि कारागृहात असलेल्या आईजवळ सहा वर्षांपर्यंतचे मूल राहू शकते. घरातला माणूस राज्य सरकारी कर्मचारी असेल तर ४८ तासांहून अधिक कोठडी झाल्यास तो निलंबित मानला जातो. निलंबन काळातील निर्वाह भत्त्यासाठी कार्यालयाशी पत्रव्यवहार लवकर सुरू करावा. बँकेचे व्यवहार अडले असतील तर मुखत्यारपत्रावर अधीक्षकांसमोर सही घेण्याची परवानगी मागता येते.

सुटकेच्या दिवशी न्यायालयाचा आदेश कारागृहात पोहोचण्याची वेळ गाठावी लागते. ती टळली तर सुटका दुसऱ्या दिवसावर जाते. दुसऱ्या एखाद्या प्रकरणात वॉरंट प्रलंबित असेल तर या जामिनावर दार उघडत नाही, म्हणून ते आधीच तपासावे. बाहेर आल्यावर जामिनाच्या आदेशाची प्रत स्वतः वाचावी किंवा कोणाकडून वाचून घ्यावी : पोलीस ठाण्यातील हजेरी कोणत्या वारी, जिल्ह्याबाहेर जायला परवानगी लागते का, कोणत्या गावात जाण्यास मनाई आहे. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स ॲपमध्ये सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाकून पुढची तारीख पाहता येते. तो क्रमांक वकिलाकडून लिहून घ्यावा, आणि घरातल्या किमान दोघांच्या फोनमध्ये तो असू द्यावा.