पीस कुणाचं?

पीस सापडलं की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले. कुणाचं आहे? आणि घरात ठेवलेलं चालतं का? दुसऱ्याचं उत्तर जो तो तोंडावर फेकतो. मोराचं ठेवा, पाली येत नाहीत म्हणे. घुबडाचं मात्र उंबऱ्याच्या आत नको. कायद्याला शुभ-अशुभाशी देणंघेणं नाही, पण तो आपल्या सोसायटीतल्या काकूंपेक्षा कडक आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिंग, दात, नख यांच्या पंगतीला पिसंही बसवली आहेत. सवलत आहे ती मोरपिसाला. म्हणून मी पीस बघते, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढते आणि होतं तिथे ठेवून देते.

पहिला प्रश्न मात्र खरा गमतीचा. सगळे रंगापासून सुरुवात करतात. शहरात ते बऱ्यापैकी खपूनही जातं: राखाडी दिसलं की पारवा, काळं कुळकुळीत दिसलं की कावळा. पांढरं दिसलं की ‘बगळा!’ असं ओरडण्याआधी जवळपास चिकनचं दुकान आहे का, ते पाहून घ्यावं. तपकिरीवर आडवे पट्टे असले की शिकारी पक्ष्याची हौस असलेल्यांना लगेच शिक्रा आठवतो. पुष्कळदा ती कोकिळेची मादी निघते. आणि नीलपंख, म्हणजे दसऱ्याला दर्शन घ्यावं म्हणतात तो चास, त्याचं पीस तर चक्क थाप मारतं. जमिनीवर पडलेलं असताना गडद निळं. तेच उचलून उजेडासमोर धरा, निळाई गायब आणि मागे मातकट तपकिरी. त्यात निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या आतल्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो, तेव्हा तो आपल्याला निळा दिसतो.

तेव्हा आधी आकार बघावा. मधल्या दांडीच्या एका बाजूची पाती अरुंद आणि दुसरीकडची रुंद असेल, तर ते बहुधा पंखाचं लांब पीस. अरुंद बाजू वारा कापणारी, पुढची. एवढ्यावरून पंख डावा की उजवा, हेसुद्धा सांगता येतं, आणि हे सांगितलं की समोरचा माणूस आपल्याकडे जरा आदराने बघतो. दोन्ही बाजू सारख्या असतील तर शेपटीच्या मधलं. ते ताठ आणि टोकाशी निमुळतं असेल तर सुतार पक्षी, कारण खोडावर टोचा मारताना तो शेपटीचा टेकू घेतो.

या विद्येला कुणी रिकामटेकडेपणा म्हणालं की मी रॉक्सी लेबोर्नचं नाव पुढे करते. ४ ऑक्टोबर १९६० रोजी अमेरिकेत बॉस्टनहून उडालेलं विमान काही क्षणांतच बंदरात कोसळलं. ६२ माणसं गेली. इंजिनांत सापडलेले पिसांचे अवशेष वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात या बाईंकडे गेले. त्यांनी ते स्टार्लिंगचे म्हणून ओळखले. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्याच कुळातला, मूठभर आकाराचा पक्षी. पिसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली घालायचा, बुडाशी असलेल्या लवीच्या तंतूंवरच्या गाठी पाहायच्या आणि मग संग्रहातल्या पक्ष्यांशी ताडून बघायचं, हे काम त्या पुढे आयुष्यभर करत राहिल्या. पक्षी कोणता हे कळल्यावरच विमानाच्या इंजिनाने किती वजनाचा धक्का सोसायला हवा, धावपट्टीजवळ काय वाढू द्यायचं नाही, हे ठरवता येतं.

आमच्याकडे इतकं जोखमीचं काही नव्हतं. सोसायटीच्या जिन्यात एक पीस पडलेलं होतं. फिकट सोनेरी, त्यावर राखाडी-तपकिरी पट्टे. ‘कोंबडीचं असेल,’ असं म्हणून वॉचमनमामा ते झाडून टाकणार होते. मी ते कानाजवळ हवेत जोरात फिरवलं. कावळ्याचं पीस असं फिरवलं तर सूंऽ असा आवाज येतो. याचा आवाजच नाही! बोट फिरवलं तर वरून मखमल, आणि अरुंद बाजूच्या काठाला बारीक दातेरी झालर. हवा त्या झालरीत विरते, म्हणून घुबडाच्या येण्याची चाहूल उंदराला लागत नाही. गव्हाणी घुबड. टाकीच्या वरच्या पोकळीत ते कधीपासून राहत होतं कोण जाणे, आणि खाली आम्ही पार्किंगवरून भांडत होतो.

गच्चीवर जाऊन पाहिलं तर टाकीखाली करड्या गोळ्यांचा सडा. घुबड भक्ष्य गिळतं आणि न पचलेली हाडं, केस यांची गोळी करून ओकून टाकतं. एक गोळी मामांनी काडीने उकलली. आत उंदराची अख्खी कवटी, पिवळसर दातांसकट. मग त्यांना चेवच चढला. एकेक गोळी फोडून ते आतल्या कवट्या कठड्यावर ओळीने मांडत बसले. सेक्रेटरी वर आले, त्यांनी ती रांग पाहिली, ‘उंदीर फार झालेत बुवा’ म्हणाले, आणि पेस्ट कंट्रोलचं कंत्राट वर्षभरासाठी वाढवून टाकलं.