बॅगांचा काटा आणि कचऱ्याचं बिल

पुण्यात आमच्या दारात वजनकाटा घेऊन यायचा तो रद्दीवाला. तो काटा मारायचा, आई त्याच्याशी हुज्जत घालायची, पण शेवटी पैसे द्यायचा तोच. त्यामुळे डब्लिनमध्ये कचऱ्याच्या बिलावर 'किलो' हा शब्द पाहिला तेव्हा क्षणभर वाटलं, आपल्याला काहीतरी मिळणार. खाली आकडा होता ३५ युरो ९२ सेंट. तो आम्हीच भरायचा होता.

आधीची तीन वर्षं आम्ही फ्लॅटमध्ये राहत होतो. तळघरात मोठे सामाईक डबे, पिशवी टाकली की विषय संपला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूकन या डब्लिनच्या उपनगरात भाड्याच्या घरात आलो आणि घरमालकाने किल्ली देताना सांगितलं, बिन तुमच्या तुम्ही बघा. म्हणजे काय, तर इथे कचरा महापालिका उचलत नाही, खासगी कंपन्या उचलतात. एकाच गल्लीत तीन-तीन कंपन्यांच्या घंटागाड्या येतात (घंटा नसते, पण मी त्यांना घंटागाडीच म्हणते). मी त्यातल्या एका कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी भराभर बोलत होती, त्यातलं 'महिन्याला ११ युरो' एवढंच माझ्या कानात शिरलं. तीन डबे आले: रिसायकलिंगचा ग्रीन बिन, ओल्या कचऱ्याचा ब्राउन बिन आणि उरलेल्या सगळ्याचा ब्लॅक बिन. ब्राउन बिन मला दिसायला आवडला नाही म्हणून शेडमागे ठेवून दिला. ही पहिली चूक.

बिल नीट वाचलं तेव्हा कळलं की ११ युरो हा नुसता सर्व्हिस चार्ज, म्हणजे त्यांचं गिऱ्हाईक असण्याचे पैसे. त्यावर ब्लॅक बिन गाडीने उचलला की दर वेळी साडेतीन युरो, या उचलण्याला लिफ्ट म्हणतात. आणि त्यावर आतल्या मालाचे किलोमागे ३२ सेंट. ब्राउनला लिफ्ट फुकट आणि किलोला २० सेंट, ग्रीन पूर्ण फुकट. आमचे महिन्यात दोन लिफ्ट झाले होते, प्रत्येकी २८ किलो. दीड माणसाइतकं खाणारी दोन माणसं आणि पावणेदोन वर्षांचं पोर, त्यांचा छप्पन किलो कचरा!

नवरा म्हणाला, सगळ्यांना असंच असेल. नव्हतं. ऑफिसात विचारलं तर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणाला वर्षाचे एकरकमी पैसे आणि ठरावीक वजनापर्यंत माफी, कुणाला फक्त लिफ्टचे पैसे, कुणाला वजनाचे टप्पे. याचं कारण एका आयरिश सहकाऱ्याने सांगितलं. सरकारने १ जुलै २०१६ पासून सगळ्या देशाला वजनावर पैसे सक्तीचे करायचं ठरवलं होतं, ब्लॅकला किलोमागे किमान ११ सेंट आणि ब्राउनला ६. कंपन्यांचे नवे दर बाहेर आल्यावर एवढा आरडाओरडा झाला की बेत पुढे ढकलावा लागला. मग २०१७ मध्ये मधला मार्ग काढला: वजनाची सक्ती नाही, पण 'कितीही टाका, एकच रक्कम' ही पद्धतही हळूहळू बंद. बाकी कंपनीने काय हवं ते गणित मांडावं. त्यामुळे आज दोन शेजाऱ्यांची बिलं ताडून पाहायची म्हणजे एकाचं मापट्यातलं आणि दुसऱ्याचं मीटरमधलं.

ब्लॅक बिनच एवढा महाग का, यालाही कारण आहे. त्यातलं जे जमिनीत गाडलं जातं त्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये टनाला ८५ युरो कर झाला, आणि डब्लिनमधल्या पूलबेगच्या भट्टीत जाळायचं म्हटलं तरी टनाला १०. तो शेवटी आपल्याच खिशातून जाणार.

तर वजन. एका मंगळवारी सकाळी सातला चहाचा कप घेऊन खिडकीत उभी राहिले. गाडीच्या मागे दोन दांडे असतात, डब्याची कड त्यात अडकते. कडेखाली एक चिप असते, त्यावरून गाडीला कळतं हा डबा कोणाच्या खात्यावरचा. डबा वर जाताना भरलेला तोलला जातो आणि खाली येताना रिकामा, दोन्हींतला फरक म्हणजे आपला कचरा. दुपारपर्यंत तो आकडा ॲपवर दिसतो. मला ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती. ॲप तीन महिने फोनमध्ये न उघडता पडलं होतं.

मग मला आठवलं की घरात काटा आहे. भारतात जाणाऱ्या प्रत्येक घरात असतो तो, बॅगेच्या मुठीत अडकवून वर उचलायचा, २३ किलोच्या वर गेलं की चिवडा-चकली बाहेर काढायची. मी तो मागच्या दाराजवळ खिळ्याला टांगला आणि प्रत्येक पिशवी डब्यात टाकण्याआधी तोलायला लागले. नवऱ्याने वेड्यात काढलं. पण चार दिवसांत जे कळलं ते कंपनीच्या कुठल्याच पत्रकात नव्हतं: आकाराचा आणि वजनाचा काडीचा संबंध नाही. ऑनलाइन खरेदीच्या खोक्यांची भलीमोठी पिशवी, एक किलोसुद्धा नाही. तीच अर्ध्या कलिंगडाची सालं, भिजलेला चहाचा चोथा, आदल्या दिवशीची उरलेली आमटी-भात आणि भोपळ्याचा गाभा एका छोट्या पिशवीत घातला, तर साडेतीन किलो. मी कचऱ्याचे नाही, पाण्याचे पैसे भरत होते. किलोला ३२ सेंट दराने.

तेव्हा ब्राउन बिन शेडमागून बाहेर आला. शिजलेलं अन्न, हाडं, सालं, चोथा, गवत, सगळं त्यात चालतं, फक्त प्लॅस्टिक नको. तोही फुकट नाही, म्हणून पाणी आधी काढायचं. आमटी गाळणीत ओतायची, खालचं मोरीत, वरचं डब्यात. तेल-तुपाचं मात्र मोरीत नाही, ते वर्तमानपत्राने पुसून घ्यायचं. चहाचा चोथा मुठीत दाबून पिळायचा. आजीला मी नेमकं असंच करताना पाहिलं होतं, फक्त ती चोथा गुलाबाला घालायची. कच्ची सालं पुढे परसातल्या कंपोस्टच्या डब्यात जायला लागली, ती तर कोणाच्याच काट्यावर चढत नाहीत.

काचेचंही तसंच. लोणच्याच्या आणि पास्ता सॉसच्या बरण्या मी ब्लॅकमध्ये टाकत होते, कारण आमच्या कंपनीच्या ग्रीनमध्ये काच चालत नाही. सुपरमार्केटच्या आवारात काचेसाठी कुंड्या असतात, तिथे एक पैसा लागत नाही. मऊ प्लॅस्टिक, म्हणजे पोह्याच्या, डाळीच्या पिशव्या, हे २०२१ पासून ग्रीनमध्ये घेतात हेही मला तेव्हाच कळलं. स्वच्छ, कोरडं आणि सुटं टाकायचं, पिशवीत बांधून नाही. थंड पेयांच्या कॅन आणि प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर तर फेब्रुवारी २०२४ पासून अनामतच आहे, लहानाला १५ सेंट, अर्ध्या लिटरच्या वर २५. त्या दुकानातल्या मशीनमध्ये न चेपता परत द्यायच्या. दोनदा चेपून घेऊन गेले आणि दोनदा मशीनने नाकारल्या.

एवढं सगळं करून पुढचं बिल आलं ३२ युरो. महिनाभर चोथा पिळून चार युरो वाचले!

उरलं होतं ते डायपर. रात्रभराचं एक डायपर पाव किलोला टेकतं, मी तोललंय. दिवसाला सहा-सात धरले तर पंधरा दिवसांत तेरा-चौदा किलो. आमच्या ब्लॅक बिनचं उरलेलं जवळजवळ सगळं वजन तेच होतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, लंगोट लाव की दिवसा. तुला काय डायपरवर वाढवलं का मी?" आणि येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर दोन डझन लंगोट पाठवून दिले. डब्लिनच्या हिवाळ्यात ते वाळायचे नाहीत. ड्रायर लावला तर विजेचं बिल. आठवड्याभरात तो प्रयोग गुंडाळला आणि ठरवलं, पोर मोठं होईपर्यंत हे पैसे भरायचे. काही खर्च असे असतात की त्यांच्याशी भांडू नये.

मधेच जानेवारी २०२५ मध्ये एओविन वादळ आलं. गल्लीतले सगळे डबे आडवे झाले, दोन तर कोपऱ्यावरच्या कुंपणात सापडले. आम्ही सगळ्यांनी आपापले समजून एकेक उचलून आणला. पुढच्या फेरीला माझ्या काट्याप्रमाणे कचरा होता १६ किलो, ॲपवर आला २९. एरवी मी मुकाट्याने भरले असते, पण आता माझ्याकडे फ्रिजवर चिकटवलेला कागद होता, पिशवीगणिक वजनासकट. कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकवून झाल्यावर एका माणसाने शांतपणे विचारलं, "डब्याच्या कडेवरचा नंबर वाचून दाखवता का?" तो आमच्या खात्यावरचा नव्हता. आमचा डबा चार मुलं असलेल्या पलीकडच्या घरी होता, आणि दोन्ही घरं एकमेकांच्या नावावर कचरा टाकत होती. कंपनीने फरकाचे पैसे खात्यात परत टाकले. शेजारीण हसत हसत डबा ढकलत घेऊन आली, म्हणाली, "तरीच म्हटलं, या वेळी आम्ही इतके गुणी कसे!" त्याच संध्याकाळी पांढऱ्या रंगाने डब्यावर घराचा नंबर मोठ्ठा लिहिला.

तेव्हापासून डबा रात्री बाहेर ठेवत नाही, सकाळीच ठेवते. रात्री ठेवलेल्या डब्यात येणारे-जाणारे आपल्या पिशव्या टाकतात. आणि झाकण अर्धवट उघडं राहिलं तर इथला पाऊस आत जातो, त्याचंही वजन होतं. रस्त्यावरच्या सार्वजनिक डब्यात घरचा कचरा टाकून मोकळं होणारेही पाहिलेत. पकडलं तर जागेवर १५० युरो दंड, म्हणजे माझी चार-पाच महिन्यांची बिलं.

उन्हाळ्यात लेकीचं डायपर सुटलं. आता ब्लॅक बिन महिन्यातून एकदाच बाहेर जातो, पंधरा किलोच्या आसपास. वास मारणारं काही त्यात नसतंच, त्यामुळे थांबता येतं. एक लिफ्टही वाचते. गेल्या महिन्याचं बिल २१ युरो ७० सेंट, आणि त्यातले ११ सर्व्हिस चार्जचे, जे मी हवेवर जगले तरी भरावे लागतील. म्हणून वर्षाचा करार संपत आल्यावर दुसऱ्या कंपनीचे दर काढले आणि आमच्यावाल्यांना सांगितलं, आम्ही निघालो. दोन मिनिटांत ११ चे ९ झाले. मग ते चोथा पिळणं, ते गाळणी धुणं आठवलं आणि थोडा रागच आला.

डिसेंबरात भारतात जायचं होतं. आदल्या रात्री नवरा बॅगा भरून बसला आणि काटा कुठे म्हणून घर धुंडाळायला लागला. मागच्या दाराजवळच्या खिळ्यावरून काढून आणला, हुकावरचं कांद्याचं वाळलेलं साल नखाने खरवडलं आणि मला म्हणाला, "आईच्या साड्या यावर तोलायच्या?" मी तो डेटॉलने दोनदा धुऊन दिला. बॅग भरली २३ किलो ४००. लंगोट बाहेर काढले.